दारू सोडवणारा माणूस गावाजवळ बसू द्या

संपादक महोदय,

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी २२ वर्षं फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या कामाला आहे. त्यातली १४ दारूत गेली. दोनदा ॲडमिट झालो, औषधांनी हातांची थरथर थांबली आणि दोन्ही वेळा महिन्याच्या आत पुन्हा सुरू. औषधं लागतातच, रोज पिणाऱ्यानं मनानंच एकदम सोडली तर फिट येते, जीवही जाऊ शकतो. पण त्यापुढं मला धरून ठेवलं ते समुपदेशनानं.

समुपदेशक मॅडमनी उपदेश केला नाही. दोनशे पानी वही आणायला सांगितली. तल्लफ आली की लिहायचं: वार, वेळ, कुठं होतो, मनात काय आलं. महिन्याभरानं वाचलं तर बहुतेक नोंदी पगार किंवा उचल मिळाल्या दिवसाच्या, सांगली फाट्यावरच्या. वाक्यही तेच, "एवढं राबलो, एक क्वार्टर तर हक्काची." त्या एका वाक्यावर तीन बैठका गेल्या. शेवटी मीच खाली लिहिलं, "एका क्वार्टरवर मी कधी थांबलोय?"

मग पगार बायकोच्या खात्यावर गेला, घरी जायचा रस्ता बदलला. तल्लफ बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ भावाशी फोनवर बोलायचं. नाही म्हणायचीसुद्धा तालीम झाली. मॅडम माझ्या दोस्ताच्या आवाजात "घे की लेका" म्हणायच्या. गणपतीत एकदा घसरलो. त्या रागावल्या नाहीत, वही उघडून त्या दिवसाचा तास न् तास लिहून घेतला.

पण दर बैठकीला माझा खाडा पडला. गगनबावड्याच्या, आजऱ्याच्या माणसानं दर आठवड्याला कोल्हापूर कसं गाठायचं? गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांच्या जेमतेम चार बैठका घेतल्या. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निकाल आला: तीन महिन्यांनी सावरलेले ३६ टक्के, नेहमीच्या उपचारांवर २६ टक्के. माझ्यासारखी अवस्था व्हायच्या आधीच माणूस असा गाठता येतो. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, जरूर लावा, पण वही उघडून समोर बसणारं माणूस फोनवर मिळत नाही.

जिल्हा परिषदेनं आणि आरोग्य खात्यानं तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत असा एक तरी समुपदेशक द्यावा. आणि त्याची वेळ संध्याकाळी सहा ते आठ ठेवावी, म्हणजे कामगाराचा खाडा होणार नाही.

आपला,
एक फाउंड्री कामगार, उचगाव
(कृपया नाव छापू नये)