सात संकेतस्थळांची दोन करायला लावणाऱ्या ताईंस

आदरणीय ताईंस,
सविनय नमस्कार.

आपले नाव कोठेही लिहायचे नाही ही आपली अट मी पाळतो आहे. तरीही हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण एकेका वस्तूवर वेगवेगळी छोटी संकेतस्थळे काढावीत की सगळे एकाच मोठ्या संकेतस्थळावर आणावे, हा प्रश्न ॲफिलिएट कमिशनवर, म्हणजे आपल्या दुव्यावरून वाचकाने वस्तू घेतली की विक्रेता देतो त्या वाट्यावर, संसाराला हातभार लावू पाहणाऱ्या अनेकांना पडतो, आणि आपण मला दिलेले उत्तर माझ्या एकट्यापाशी राहू नये असे मला वाटते.

आपली ओळख झाली ती तक्रारीतून. २०२२ च्या हिवाळ्यात आपण आमच्याच भागातल्या आपल्या माहेरघरासाठी गिझर शोधत होता. गिझरविषयीच्या एका संकेतस्थळावर बोअरच्या पाण्याबद्दलचा एक परिच्छेद आपण वाचला आणि तोच परिच्छेद, दोनचार शब्दांच्या फरकाने, पाण्याच्या फिल्टरविषयीच्या दुसऱ्याच एका संकेतस्थळावर आपल्याला आढळला. यात चोरी कोणी कोणाची केली आहे, असे आपण दोन्हीकडच्या पत्त्यांवर ईमेल करून विचारले आणि दोन्ही ईमेल माझ्याच इनबॉक्समध्ये येऊन पडले. मी खजील होऊन कळवले की दोन्ही माझीच आहेत, इन्व्हर्टरच्या बॅटरीवरचे तिसरेही माझेच आहे आणि तो परिच्छेद तिथेही आहे. आपण रागावाल असे वाटले होते. आपण मात्र एका ओळीत विचारलेत, "मग हे तीन वाचक आहेत की एकच?"

त्या वेळी माझी सात संकेतस्थळे होती: मिक्सर, गिझर, पाण्याचे फिल्टर, इन्व्हर्टर-बॅटरी, ट्रेडमिल, बाबागाड्या आणि शिलाई मशीन. प्रत्येकाच्या नावातच त्या वस्तूचे नाव होते, आणि ही युक्ती मी जुने व्हिडिओ पाहून शिकलो होतो. शोधल्या जाणाऱ्या शब्दांचेच नाव घेतले की गूगल वर आणते, हा काळ केव्हाच संपला असून अशा नावांच्या हलक्या दर्जाच्या संकेतस्थळांना आळा घालणारा बदल गूगलने २०१२ च्या सप्टेंबरमध्येच केला होता, हे मला आपल्याकडूनच कळले. म्हणजे मी २०१८ साली, बंद पडलेल्या गाडीचे तिकीट काढून फलाटावर उभा होतो. अशी वीसहून अधिक संकेतस्थळे आपण स्वतः चालवून, त्यांतील बहुतेक बंद केल्यानंतर हे सांगत होता, म्हणून ते मी ऐकून घेतले. एरवी ऐकले असते असे वाटत नाही.

माझा मोठा युक्तिवाद सुरक्षिततेचा होता. एक बुडाले तर सहा उरतील, असे मी आपल्याला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. त्यावर आपण दोनच गोष्टी विचारल्यात: सातांनाही वाचक कोठून येतात आणि सातांचेही कमिशन कोण देते? वाचक एकाच शोधयंत्रातून येत होते आणि कमिशन एकाच कंपनीच्या कार्यक्रमातून. "मग या सात टोपल्या नव्हेत, एकाच टोपलीच्या सात कड्या आहेत," असे आपण म्हणालात आणि अमेरिकेतील उदाहरण दिलेत. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ॲमेझॉनच्या असोसिएट्स कार्यक्रमाने २०२० च्या एप्रिलमध्ये फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानावरचा दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, तेव्हा त्या वर्गातील एक संकेतस्थळ चालवणाऱ्याचे आणि दहा चालवणाऱ्याचे उत्पन्न त्याच प्रमाणात घटले. संकेतस्थळांची संख्या तिथे कोणाच्याही उपयोगी पडली नाही.

संख्येने काय होते ते मी तोपर्यंत भोगलेही होते, फक्त कबूल केले नव्हते. सात डोमेनांची, म्हणजे संकेतस्थळांच्या नोंदवलेल्या नावांची, नूतनीकरणे सात वेगवेगळ्या तारखांना येत आणि बाबागाडीच्या डोमेनची तारीख मीच विसरल्यामुळे ते संकेतस्थळ अकरा दिवस बंद होते. त्या अकरा दिवसांत एकाही वाचकाने ते का बंद आहे असे विचारले नाही, हे मी आपल्याला सांगितले तेव्हा आपण हसलात आणि म्हणालात की याहून चांगली पाहणी कोणी विकतही देणार नाही.

त्यानंतर आपण मला जे काम दिलेत ते मला अपमानास्पद वाटले होते, हे आता सांगायला हरकत नाही. सातांवरचे सर्व लेख, एकूण ११२, एका वहीत उतरवायचे आणि ज्या वस्तूला मी स्वतः हात लावला आहे, किंवा जी वापरणाऱ्या माणसाशी समोर बसून बोललो आहे, तेवढ्याच लेखांपुढे खूण करायची. खुणा झाल्या ४१. ट्रेडमिलच्या पानावर एकही नव्हती, कारण ट्रेडमिलवर मी आयुष्यात पाऊल ठेवलेले नव्हते. सर्वांत जास्त खुणा शिलाई मशीनच्या पानावर होत्या, कारण आमची आई तीस वर्षे ब्लाउज शिवते आहे, आणि टाका सुटणे, बॉबिन अडकणे, पायमशीनला मोटर बसवणे यांविषयी मी जे लिहिले होते ते तिने आधी वाचून दुरुस्त केलेले होते.

या वहीचे महत्त्व आपण नंतर उलगडून सांगितलेत. गूगलने २०२२ च्या ऑगस्टमध्ये उपयुक्त मजकुराविषयीची जी व्यवस्था आणली, तिच्यात केवळ त्या-त्या पानाचा विचार नव्हता. एखाद्या संकेतस्थळावर निरुपयोगी मजकूर फार असेल तर त्याचा भार तिथल्या चांगल्या पानांवरही पडू शकत होता. पुढे २०२४ च्या मार्चमध्ये ही व्यवस्था मुख्य क्रमवारीतच सामावून घेण्यात आली. याचा अर्थ असा की सात संकेतस्थळांचे सगळे सामान उचलून एका छताखाली टाकले असते, तर ट्रेडमिलने गिझरलाही खाली ओढले असते. एकत्र करण्याचा सल्ला देणारे मला नंतर पुष्कळ भेटले. आधी काय टाकून द्यायचे ते सांगणाऱ्या मात्र आपण एकट्याच होता.

आता त्या पाण्याच्या परिच्छेदाकडे येतो, कारण माझा निर्णय खरे तर तिथेच झाला. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात गिझरच्या कॉइलवर क्षार चढतो, फिल्टरचे मेम्ब्रेन लवकर निकामी होते, आणि तेच पाणी बॅटरीत घालायचे नसते, तिथे डिस्टिल्ड वॉटरच लागते. तिन्ही ठिकाणी प्रश्न विचारणारे घर एकच होते आणि मी त्या घराला तीन दारांवरून फिरवत होतो. आपण सुचवल्याप्रमाणे मी पाण्यावरच एक सविस्तर लेख लिहिला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ती २००० पर्यंत चालते, आणि ज्या घरात नळाचे पाणी या पहिल्या मर्यादेच्या बरेच खाली आहे तिथे आरओ घेण्याआधी विचार करावा, असे मी त्यात स्पष्ट लिहिले. दुकानदाराच्या हातातील टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटर पाण्याचा कठीणपणा वेगळा मोजत नाही, हेही लिहिले. त्या लेखात विकायची एकही वस्तू नव्हती. कमिशनच्या संकेतस्थळावर असा लेख ठेवायला माझे मन तयार होत नव्हते, परंतु आज गिझर, फिल्टर आणि बॅटरी या तिन्ही विभागांत जाणारे सर्वाधिक वाचक त्याच लेखातून जातात. तीन वेगळ्या संकेतस्थळांवर तो लेख नेमका कोठे ठेवला असता, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

मिक्सरही त्याच घरातला म्हणून आत आला. ट्रेडमिल आणि बाबागाड्या बंद केल्या. शिलाई मशीनचे संकेतस्थळ मात्र वेगळेच राहू द्यावे असे आपण म्हणालात, तेव्हा मी गोंधळलो होतो, कारण तोवर मी आपल्याला एकत्रीकरणाच्या बाजूचे समजत होतो. आपले म्हणणे असे होते की गिझर घेणारी व्यक्ती घर चालवते, तर मशीन घेणारी बाई धंदा चालवते. ती वर्षातून एकदा नव्हे, दर आठवड्याला काहीतरी विचारायला येईल आणि तिला पिको-फॉलच्या शेजारी मिक्सरची भांडी दिसली तर हे आपले ठिकाण नव्हे असे तिला वाटेल. शिवाय पुढेमागे एखादे संकेतस्थळ विकायचे झाले तर स्वतंत्र असलेलेच सुटे विकता येते, मोठ्यातला एक विभाग कापून देता येत नाही, हा वेगळेपणाचा खरा फायदाही आपण लपवला नाहीत.

वायरकटर या वस्तू तपासून शिफारस करणाऱ्या अमेरिकी संकेतस्थळाचे उदाहरणही आपणच दिलेत आणि त्याला लगेच लगामही घातलात. ब्रायन लॅम यांनी २०११ मध्ये ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंपुरते सुरू केले, घरगुती वस्तूंसाठी स्वीटहोम हे वेगळे भावंड काढले, २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दोन्ही सुमारे ३ कोटी डॉलरना घेतली आणि २०१७ मध्ये ती एकाच नावाखाली आली. मी ते ऐकून हुरळलो होतो. आपण आठवण करून दिलीत की तिथे वस्तू आणून तपासणारी पगारी माणसे आहेत, आणि माझ्याकडे मी आहे व आई आहे.

स्थलांतराची कामे आपण फोनवरून करून घेतलीत, त्यांविषयी थोडक्यात लिहितो. जुन्या प्रत्येक पानाचा ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडणाऱ्याला कायमचे नव्या पत्त्यावर नेणारी सोय) त्याच विषयाच्या नव्या पानावर द्यायचा, सगळे सरसकट मुखपृष्ठावर ढकलायचे नाही. एका वेळी एकच संकेतस्थळ हलवायचे. जुनी डोमेने किमान वर्षभर सोडायची नाहीत. कार्यक्रमाच्या खात्यात नवे संकेतस्थळ नोंदवायचे आणि विभागागणिक वेगळा ट्रॅकिंग आयडी (विक्री कोठून आली ते दाखवणारी खूण) ठेवायचा, म्हणजे कोणता विभाग कमावतो ते एकत्र केल्यावरही दिसत राहते. या शेवटच्या सूचनेमुळेच मिक्सरविषयीचा माझा गैरसमज दूर झाला. सर्वाधिक वाचक त्याला होते, परंतु वाचून लोक तो गावातल्या दुकानातूनच घेत होते.

फळ काय मिळाले तेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. २०२३ मध्ये हलवाहलव चालू असताना वाचक घटले आणि त्या महिन्यांत आपल्याला मी एक बराच उद्धट ईमेल पाठवला होता. त्याबद्दल येथे जाहीर क्षमा मागतो. पुढच्या वर्षी आणखी एकदा घसरण झाली. आज दोन्ही मिळून जी रक्कम येते ती सातांच्या सर्वांत चांगल्या महिन्यापेक्षा थोडीच जास्त आहे. फरक इतकाच की घसरण झाली तेव्हा सात ठिकाणी ठिगळे लावत न बसता मी पाण्याचा लेख पुन्हा उघडला, दोन प्लंबरांना भेटून आलो आणि तो सुधारला.

मोबदल्याविषयी मी तीनदा विचारले आणि आपण तीनदा विषय बदललात. आईने त्यावर तिचा मार्ग काढला आहे. आपल्या मिक्सरसाठी ती खणाचे आवरण शिवणार आहे आणि कापड तिने आणूनही ठेवले आहे. मिक्सरची उंची आणि मोठे भांडे बसवल्यावर होणारी उंची, अशी दोन्ही मापे कळवावीत, अशी तिची विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
दोन संकेतस्थळांचा चालक