उंच हँडलबारवरील ‘थेट बसतो’ या चुकीच्या दाव्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय : २०० मिमी उंचीचा हँडलबार मूळ केबलवर सुरक्षितपणे बसत नसल्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचा वरील हँडलबार मी माझ्या मोटरसायकलसाठी विकत घेतला. ‘मूळ केबलवरच बसतो, कोणताही बदल नको’ असे उत्पादनाच्या माहितीत ठळक छापले आहे आणि तो चालणाऱ्या गाड्यांच्या यादीत माझे मॉडेलही आहे. क्लॅम्पमध्ये बसणाऱ्या भागाची जाडी २२ मिमी सांगितली तेवढीच निघाली, क्रोमही चांगला आहे. पण हा हँडलबार लावून गाडी रस्त्यावर नेणे धोक्याचे आहे.

माझ्या गाडीचे मूळ हँडल साधारण १०० मिमी उंच आहे. म्हणजे ग्रिप जवळपास तेवढ्याच वर गेल्या. ही वाढीव लांबी क्लच केबल, ॲक्सिलेटर केबल, पुढच्या ब्रेकचा पाइप आणि स्विचचे वायरिंग यांनी आणायची कुठून? हेडलाइटच्या मागे जेवढी ढील होती तेवढी सगळी वापरून मेकॅनिकने कशीबशी जोडणी केली. हँडल सरळ आहे तोवर काही जाणवत नाही. पूर्ण डावीकडे वळवले की ॲक्सिलेटर केबल ताणून आयडलिंग आपोआप वाढते. उजवीकडे वळवले की क्लच लिव्हरचा फ्री प्ले (क्लच सुटण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल) संपतो. अरुंद जागेत हळूहळू वळताना इंजिनाने स्वतःहून जोर धरला तर काय होते, हे आपल्या तंत्रज्ञांना मी सांगायला नको.

ब्रेकच्या पाइपचे दुखणे याहून वाईट, कारण ते उभ्या गाडीवर दिसतच नाही. माझ्या गाडीला एबीएस नाही. त्यामुळे पाइप मास्टर सिलिंडरपासून (ब्रेक लिव्हरजवळचा ऑइलचा पंप) थेट कॅलिपरला (चाकाजवळ डिस्क दाबणारा भाग) जातो. ही दोन्ही टोके हँडलसोबतच वळतात, म्हणून नुसते हँडल फिरवून पाहिले तर पाइप ठीक वाटतो. मधल्या स्टँडवर गाडी घेऊन मागून वजन दिले, पुढचे चाक अधांतरी झाले आणि फोर्क (पुढचे शॉक ॲब्सॉर्बर) पूर्ण उघडला, तेव्हा पाइप तारेसारखा ताठ झाला. उंचवट्यावरून चाक उसळले की हेच होणार आणि सगळा ताण पाइपच्या टोकाच्या जोडावर येणार. ज्या गाडीच्या नावापुढे आपण ‘थेट बसतो’ असे छापता, त्या गाडीवर ही तपासणी कुणी केली होती का?

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर ‘हँडल थोडे मागे फिरवा, केबल पुरतील’ असा सल्ला दिला. तसे केल्यावर केबलवरचा ताण थोडा कमी झाला हे खरे. पण ग्रिपची टोके खाली झुकली, मनगटे वाकडी धरावी लागली आणि यू-टर्न घेताना आतली ग्रिप गुडघ्याला लागू लागली. उंच हँडल घ्यायचे ते पाठ सरळ राहावी, कोपर जरा वाकलेले असावेत आणि मनगटांवर भार येऊ नये म्हणून. हात खांद्यांच्याही वर नेणारे एप हँगर मला नकोच होते. (ते हौसेचे काम आहे, ज्याला आवडते त्याने करावे.)

खरे तर बसण्याचा आराम नुसत्या उंचीवर ठरत नाही. ग्रिप चालकाकडे किती मागे येतात आणि दोन टोकांमधली रुंदी किती, हे आकडेही तितकेच महत्त्वाचे. आपल्या माहितीत दोन्ही नाहीत. उंची कुठून कुठपर्यंत मोजली, हेही लिहिलेले नाही.

माहितीतले ‘हायवेवर गाडी अधिक स्थिर’ हे वाक्यही काढून टाका. रुंद हँडलने कमी वेगात गाडी हलक्या हाताने वळते, हे मान्य. पण ताठ बसल्यावर वेगात वारा थेट छातीवर येतो, चालक हँडलला लटकल्यासारखा धरून राहतो आणि ती ओढ स्टिअरिंगमध्ये उतरते. शरीराचे वजन मागे सरकल्याने पुढच्या चाकावरचा भारही कमी होतो. याला स्थिरता म्हणत नाहीत.

माझ्या गाडीला योग्य लांबीच्या केबल, ब्रेकचा पाइप आणि वायरिंगचे जोड आपल्या खर्चाने द्यावेत. ते जमत नसेल तर हँडलबार परत घेऊन पूर्ण रक्कम आणि बसवण्याची मजुरी द्यावी. क्लॅम्पच्या खुणा उमटल्या आहेत म्हणून ‘वापरलेला माल’ हे कारण मला मान्य नाही. हँडल बसवल्याशिवाय हा दोष कळूच शकत नाही.

यादीतली माझ्या मॉडेलची नोंद मात्र माझ्या भरपाईची वाट न पाहता आजच काढा आणि याच मॉडेलसाठी ज्यांनी हा हँडलबार नेला आहे, त्यांना ब्रेकच्या पाइपबद्दल कळवा. तो पाइप आत्ता कुणाच्या तरी गाडीवर ताणलेला असेल.

उत्तर लेखी द्यावे. मूळ हँडल मी पुन्हा बसवून घेतले आहे. आपला हँडलबार तपासणीसाठी केव्हाही नेता येईल.

आपला,
एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, मजुरीचे बिल, फोर्क उघडलेल्या स्थितीतील ब्रेक पाइपचे फोटो