ढाक्याला पत्र पोचलं, आमच्या कांद्याचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

३१ डिसेंबर २०२५ ला आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर ढाक्याला बांगलादेशच्या माजी पंतप्रधान खालिदा झियांच्या अंत्यविधीला गेले आणि त्यांच्या मुलाच्या, म्हणजे तारिक रहमान यांच्या हातात मोदींचं शोकपत्र देऊन आले. तुमच्या पेपरात ही बातमी आतल्या पानावर चार ओळीत उरकली. पहिल्या पानावर काय होतं ते मी सांगत नाही, तुम्हाला माहितीच आहे. पण निफाड तालुक्यातल्या माझ्यासारख्या कांदेवाल्याला त्या चार ओळी फार मोठ्या वाटल्या, म्हणून जानेवारी २०२६ मध्ये हे लिहायला बसलोय, लांबलं तर खुशाल कात्री लावा.

मोठ्या का वाटल्या ते सांगतो. आमच्या कांद्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. पश्चिम बंगालमधल्या घोजाडांग्याच्या बॉर्डरवर गाड्या सुटल्या की इकडे लिलावात भाव हलतो आणि तिकडे अडकल्या की व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल पडून राहतो. त्यामुळे ढाक्यात खुर्चीवर कोण बसलंय हा आमच्या पारावर गप्पा मारायचा विषय नाही, तो आमच्या पट्टीचा, म्हणजे मालाच्या पैशांचा विषय आहे. आणि तिथे खुर्ची बदलली की दिल्ली नव्या माणसाशी कशी वागते हे मी गेली काही वर्षं जरा लक्ष देऊन बघतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की जिथे आपण माणूस खुर्चीवर बसायच्या आधीच त्याच्याशी बोललो तिथे आपलं भलं झालं आणि जिथे एकाच खुंटीला सगळं टांगलं तिथे खुंटी उपटली तेव्हा आपण तोंडावर पडलो.

श्रीलंकेचं बघा. तिथले राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमारा दिसानायके यांचा पक्ष जेव्हीपी. या पक्षाचा जन्मच भारतावर संशय घेण्यात गेला, भारतीय विस्तारवाद हा त्यांच्या केडरला शिकवायच्या धड्यातला एक धडा होता. १९८७ ला राजीव गांधींनी तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्याबरोबर करार केला आणि आपली शांतिसेना तिकडे गेली तेव्हा यांनी रान पेटवलं, भारतीय मालावर बहिष्काराची हाक दिली. तीच शांतिसेना, जिच्यातले जवळजवळ १२०० जवान परत आलेच नाहीत. २०१९ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत दिसानायकेंना ३ टक्क्यांच्या आसपास मतं होती आणि २२५ च्या संसदेत त्यांचे खासदार किती, तर ३. अशा माणसाला आपल्या सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये, निवडणुकीच्या सात महिने आधी, पाहुणा म्हणून बोलावलं. जयशंकर भेटले, डोवाल भेटले, मग अहमदाबाद आणि केरळ दाखवून आणलं. तेव्हा कोणाचं फार लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं, खरं सांगायचं तर.

सप्टेंबरात ते राष्ट्राध्यक्ष झाले. जयशंकर ४ ऑक्टोबरला कोलंबोत हजर. नोव्हेंबरात त्यांच्या आघाडीने १५९ जागा घेतल्या आणि डिसेंबरात दिसानायके पहिल्या परदेश दौऱ्याला दिल्लीला आले, चीनला नंतर जानेवारीत गेले. दिल्लीत येऊन त्यांनी सांगितलं की श्रीलंकेची जमीन भारताविरुद्ध वापरू देणार नाही. एप्रिल २०२५ ला मोदी कोलंबोला गेले तेव्हा तर संरक्षण सहकार्याच्या करारावर सह्या झाल्या, ज्या पक्षाने शांतिसेनेच्या नावाने बोटं मोडली त्याच पक्षाच्या सरकारबरोबर! आता हे काही एका दौऱ्याने झालं नाही, २०२२ ला त्यांच्याकडे पेट्रोलला पैसे नव्हते तेव्हा आपण जवळजवळ ४ अब्ज डॉलरची मदत केली होती हे तिथला माणूस विसरलेला नाही. आणि सगळं गोड आहे असंही नाही, रामेश्वरमचे मच्छीमार अजून पकडले जातात, हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे आहे ते आहेच. पण बोलणं चालू आहे.

मालदीवचं प्रकरण तर मला कायमचं लक्षात राहणार, कारण त्यात कांदा आहे. तिथले राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू 'इंडिया आउट' म्हणत २०२३ ला निवडून आले, आधी तुर्कस्तानला गेले, जानेवारीत चीनला गेले आणि आपल्या ८० च्या आसपास सैनिकांना १० मे पर्यंत निघा म्हणून सांगितलं. त्यांच्या तीन उपमंत्र्यांनी मोदींच्या लक्षद्वीप फोटोंवरून वाटेल ते लिहिलं, मग आपल्याकडे बॉयकॉट मालदीव सुरू झालं, आमच्या गावातले जे कधी शिर्डीच्या पुढे गेले नाहीत तेसुद्धा मालदीवचं बुकिंग कॅन्सल करा म्हणून स्टेटस ठेवत होते. आणि नेमक्या त्याच काळात, म्हणजे डिसेंबर २०२३ पासून, आमच्या कांद्याला निर्यातबंदी. माल सडतोय, भाव पडलाय, आम्ही रस्ता अडवून बसलोय आणि एप्रिलमध्ये बातमी येते की मालदीवला त्या वर्षासाठी ३५,७४९ टन कांदा पाठवायला सरकारने परवानगी दिली. बटाटे, अंडी, तांदूळ, सगळ्याचा कोटा दिला, १९८१ पासून ही व्यवस्था आहे त्यातला सगळ्यात मोठा.

तेव्हा मी भयंकर चिडलो होतो. शिव्या घालतो त्याला कांदा आणि आमच्या पोटाला चिमटा. बाजार समितीत मी हे मोठ्याने बोललोही. आज वाटतं की बंदीवरचा राग बरोबर होता पण मालदीववरचा चुकीचा होता. दिल्लीने मुइझ्झूंवर राग काढला नाही, सैनिक बाहेर काढले आणि हेलिकॉप्टर चालवायला त्यांच्या जागी तंत्रज्ञ पाठवले, तिथल्या बाईच्या स्वयंपाकघरातला कांदा तोडला नाही. दोन महिन्यांनी तेच मुइझ्झू मोदींच्या शपथविधीला दिल्लीत येऊन बसले, ऑक्टोबरात येऊन ४० कोटी डॉलरची करन्सी स्वॅपची, म्हणजे अडचणीला चलन बदलून घ्यायची सोय घेऊन गेले आणि पुढच्या जुलैत मोदी त्यांच्या ६० व्या स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुणे. एवढं तोंड आवरून धरणं मला तर घरातही जमत नाही.

मग बांगलादेशातच आपल्याला काय झालं होतं? तिथे आपण शेख हसीना म्हणजेच बांगलादेश असं धरून चाललो. त्याला कारणं होती, नाही असं नाही. खालिदांच्या काळात २००४ ला चितगावला दहा ट्रक भरून शस्त्रं सापडली होती ती ईशान्येतल्या अतिरेक्यांसाठी होती, हसीना आल्या आणि त्यांनी उल्फा या आसामातल्या अतिरेकी संघटनेचे पुढारी आपल्या ताब्यात दिले. शिवाय २०१३ ला आपले राष्ट्रपती प्रणव मुखर्जी ढाक्यात असताना खालिदांनी बंदचं कारण सांगून ठरलेली भेट रद्द केली, तो अपमान दिल्लीच्या मनात राहिला असणार. पण मानपान धरून बसायला हे काय लग्नघर आहे? २०१४, २०१८, २०२४, तिन्ही निवडणुका कशा झाल्या ते सगळ्या जगाला दिसत होतं आणि आपण अभिनंदनाचे फोन करत राहिलो. ५ ऑगस्ट २०२४ ला हसीना विमानात बसून आपल्याकडे आल्या तेव्हा ढाक्यात रस्त्यावर उतरलेल्या पोरांना भारत म्हणजे हसीनांचा माहेरचा माणूस एवढंच माहीत होतं.

आणि गंमत अशी की हसीनांशी दोस्ती होती तेव्हाही कांद्याच्या बाबतीत आपण धड वागलो नाही. सप्टेंबर २०१९ ला एका रात्रीत निर्यात बंद केली, चारच दिवसांनी त्या दिल्लीत आल्या आणि भर सभेत हिंदीत म्हणाल्या की तुम्ही कांदा बंद केला, मी आमच्या स्वयंपाक्याला सांगून टाकलं की आता जेवणात कांदा घालू नको. सगळे हसले. पुढच्या वर्षी सप्टेंबरात पुन्हा तसंच केलं. मग बांगलादेशाने स्वतःचा कांदा स्वतः पिकवायचं मनावर घेतलं आणि २०२५ ला तिथल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून बराच काळ आयातीचे परवानेच रोखले. त्यांना मी दोष देत नाही, मी तिथला शेतकरी असतो तर हेच मागितलं असतं. पण सौदा करायला समोर ओळखीचं कोणीतरी लागतं आणि तेव्हा आपलं तिथल्या सरकारशी जेमतेम बोलणं होतं. हसीनांनंतरच्या हंगामी सरकारचे प्रमुख युनूस यांना मोदी भेटले ते आठ महिन्यांनी, तेही बँकॉकला, आणि त्यानंतर चारच दिवसांत आपण त्यांच्या मालाची आपल्या बंदर-विमानतळावरून बाहेर जायची सोय काढून घेतली, त्यांनी आपलं सूत जमिनीच्या मार्गाने घ्यायचं बंद केलं, आपण त्यांचे तयार कपडे अडवले. भाऊबंदकीत बांधावरून चालतं तसंच.

म्हणून ३१ डिसेंबरचा तो फोटो मला मोठा वाटला. १७ वर्षं लंडनला राहून तारिक रहमान २५ तारखेला परत येतात, पाच दिवसांनी आई जाते आणि आपला मंत्री दारात उभा असतो. आपल्याकडे म्हणतात, लग्नाला नाही गेलं तरी चालेल पण मयताला जावं. श्रीलंकेत जे सात महिने आधी केलं ते इथे निवडणुकीच्या सहा आठवडे आधी का होईना, केलं.

आणि मग ३ जानेवारी. क्रिकेट बोर्डाने कोलकात्याच्या टीमला सांगितलं की बांगलादेशी बॉलर मुस्तफिजुरला सोडा, ज्याला ९ कोटी २० लाखाला तीन आठवडेही झाले नव्हते घेऊन. लगेच बांगलादेशाने तिकडे आयपीएल दाखवायला बंदी घातली, आता वर्ल्डकपला भारतात येणार नाही म्हणतायत. मैमनसिंगला डिसेंबरात एका हिंदू कामगाराला जमावाने मारून जाळलं, त्याचा राग मलाही आहे, तिथल्या हिंदूंच्या जिवाचा प्रश्न खराच आहे आणि तो दिल्लीने ठणकावून मांडलाच पाहिजे. पण तो मांडायला समोरच्याशी बोलणं असावं लागतं, बॉलरला घरी पाठवून त्या माणसाच्या घरच्यांना काय मिळालं ते मला कोणी सांगा. मंत्र्याने तीन दिवसांपूर्वी जे जोडलं ते बोर्डाच्या एका फोनने उसवलं. परराष्ट्र खातं आणि क्रिकेट बोर्ड एकमेकांशी बोलतात की नाही?

१२ फेब्रुवारी २०२६ ला तिथे मतदान आहे. बीएनपी, म्हणजे खालिदा-तारिक यांचा पक्ष येईल, जमात-ए-इस्लामीला किती मिळतील, मला काही कळत नाही. जो येईल त्याच्याशी आपल्याला बोलावं लागणार आहे आणि त्याला रमझानच्या तोंडावर त्याच्या लोकांना कांदा द्यावा लागणार आहे. तुम्हाला विनंती अशी की त्या दिवशी ढाक्याची बातमी जरा वरच्या पानावर घ्या आणि जमलं तर लासलगावच्या भावाशेजारी ढाक्याचा भावही छापा. आमच्या शेतात आत्ता लाल कांदा निघतोय. उन्हाळ असता तर चाळीत भरून वाट बघितली असती, लाल टिकत नाही.

आपला,
एक कांदा उत्पादक, ता. निफाड