ट्युशन एरियातल्या चहावाल्या मामांना जाहीर धन्यवाद

मामा, तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीय, पण तुमची नात वाचून दाखवील, आणि नाही दाखवलं तरी लातूरच्या चार लोकांना कळायलाच पाहिजे म्हणून इथं लिहायलेय. लई दिवसांचं मनात होतं, पण लिहायला बसलं की अजून डोळे भरून येतात.

छोटा हत्ती टेम्पोवर बॉडी बांधून आम्ही नवरा-बायकोनं फूड ट्रक काढला तेव्हा सल्ले द्यायला सगळे होते. एका मार्केटिंगवाल्यानं पेज चालवतो म्हणून ॲडव्हान्स घेतला, रील टाकल्या, रोज लाईकचे स्क्रीनशॉट पाठवायचा, ते लाईक करणारे कुठले होते देव जाणे, गाडीवर खायला त्यातलं एक माणूस आलं नाही. नंतर फोन उचलायचा पण बंद झाला. फूड लायसनवाला एजंट हजारांच्या गोष्टी करत होता, तेव्हा आमच्या एवढ्या धंद्याच्या रजिस्ट्रेशनची सरकारी फी वर्षाला १०० रुपये, हे पण तुम्हीच सांगितलं. आणि पाहुणे? उद्घाटनाला फुकट खाऊन, फोटो काढून गेले ते गेलेच.

तुम्ही तर आमच्याशी भांडायला पाहिजे होतं. तुमच्या टपरीसमोरच गाडी लावली होती आम्ही. सकाळचा क्लास सुटला की नांदेड, परभणी, बीडकडून आलेली लेकरं तुमच्याकडंच पोहे खायची, आणि आमच्या गाडीवरच्या सुशीलाकडं, म्हंजी फोडणीच्या भिजवलेल्या चुरमुऱ्यांकडं, कोणी बघत पण नव्हतं.

त्या सकाळी तुम्ही ओलं फडकं घेऊन बोर्डावरचं 'पोहे' पुसलं. मला वाटलं भाव वाढवला असंल. तर तुम्ही खडूनं लिहिलं, 'सुशीला समोरच्या गाडीवर', आणि खाली बाण काढला. बाण उलट्या बाजूला गेला, तो बोटानं पुसून परत काढला, मग रस्त्यापलीकडं येऊन बघितलं की इथून वाचायला येतंय का. मी काही बोलायच्या आत म्हणले, "पोह्याचं काय घेऊन बसलीस, चहा हाय की माझा. लेकरांना गरम मिळालं म्हंजी झालं."

मामा, रोजचे चालू पोहे कोण असं बंद करतं हो? सख्खा भाऊ करत नाही. त्या बोर्डाचा फोटो लेकरांनी स्टेटसला टाकला आणि आठवड्याभरात गाडीपुढं गर्दी उभारायला लागली. पैसे घेऊन जे जमलं नव्हतं ते तुमच्या खडूनं केलं.

पुढचं पण तुम्हीच शिकवलं. एकदम मोठं पातेलं करू नका, चुरमुरे भिजून बसले की लगदा होतो, थोडे थोडे भिजवा, घट्ट पिळा, आणि दर खेपेला फोडणी नवी टाका म्हंजी वास क्लासच्या जिन्यापर्यंत जाईल. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की एरिया रिकामा पडतो, तेव्हा घरी बसू नका, गाडी मार्केट यार्डाकडं न्या, हमाल लोक पहाटेपासून राबत असतेत, त्यांना पोटभर लागतं, भाकरी-पिठलं ठेवा म्हणले. त्या सल्ल्यावरच उन्हाळ्याचे हप्ते फिटले आमचे.

झेरॉक्सवाले दादा सांगत होते, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं त्या उन्हाळ्यात पण तुमच्या टपरीबाहेरचा माठ कधी रिकामा नव्हता. तेव्हा कळलं, आमच्यासाठी म्हणून वेगळं काही केलं नाही तुम्ही, तुमचा स्वभावच हा. लोक म्हणतेत धंद्यात माणुसकी चालत नाही, त्यांनी एकदा तुमच्या टपरीवर येऊन बसावं. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारखे तग धरून राहतेत.

आता एक ऐका. पैशाचा विषय काढला की तुम्ही चिडता, म्हणून तो काढत नाही. पण या रविवारी मामीला घेऊन घरी जेवायला यायचं, येसराची आमटी आणि भाकरी करायलेय. टपरीची काळजी करू नका, तुम्ही येईपर्यंत आमचे हे चहा बघतील.