मेट्रो अधिभारात बसचाही वाटा हवा

संपादक महोदय,

पुणे महापालिका हद्दीत पुरुषाच्या नावे 60 लाखांचा फ्लॅट घेतला की 7 टक्क्यांप्रमाणे 4 लाख 20 हजार रुपये मुद्रांक शुल्क भरावे लागते. त्यात 5 टक्के मूळ शुल्क, 1 टक्का स्थानिक संस्था कर आणि 1 टक्का, म्हणजे 60 हजार रुपये, मेट्रो अधिभार. व्यवहाराच्या नोंदणीनंतर मिळणाऱ्या सारांशावर, म्हणजे सूची क्रमांक दोनवर, मात्र 'बाजारभावाप्रमाणे मुद्रांक शुल्क' यापुढे एकच रक्कम छापलेली असते.

हा अधिभार महापालिका कायद्यात दुरुस्ती करून आणला, तो मेट्रो, मोनोरेल, बीआरटी (बसचा स्वतंत्र मार्ग), सागरी सेतू अशा प्रकल्पांसाठी. म्हणजे बीआरटीचा मार्ग बांधायला पैसे आहेत, पण त्यावर धावणाऱ्या बसच्या सीएनजीला नाहीत! मेट्रोपेक्षा कितीतरी जास्त प्रवासी वाहणारी पीएमपी ही पुणे व पिंपरी-चिंचवडची बससेवा 2007 पासून कंपनी आहे. तिला स्वतः लोकांकडून कर घेता येत नाही. तिची तूट पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिका 60:40 प्रमाणात भरतात, तीही दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद होईल तशी. हा पैसा लांबला की गाड्या पुरवणाऱ्या ठेकेदारांची किलोमीटरमागची बिले थकतात आणि गाड्या आगारातच उभ्या राहतात.

कर्ज काढावे, तर त्यासाठी दाखवायला हक्काचे उत्पन्न लागते. पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणी योजनेसाठी 7.59 टक्के व्याजाने 200 कोटींचे रोखे विकले, कारण परतफेडीसाठी मिळकतकर होता. पीएमपीकडे तसे काहीच नाही. मग उरते भाडेवाढ. जून 2025 मध्ये मासिक पास 900 वरून 1500 रुपयांवर गेला, तो याच पेचातून.

आमचे म्हणणे असे की, कायद्यातील या तरतुदीत 'सार्वजनिक बससेवेचे संचालन' हे शब्द घालावेत. पुणे परिसरात जमा होणाऱ्या अधिभाराचा किमान चौथा हिस्सा वसुलीच्या पुढच्या महिन्याच्या आत पीएमपीच्या स्वतंत्र खात्यात जमा करणे बंधनकारक करावे. मात्र घरखरेदी मंदावली की हे उत्पन्नही आटते, त्यामुळे पगार यावर अवलंबून ठेवू नयेत. नव्या गाड्यांचे हप्ते आणि किलोमीटरची बिले यातून भागवावीत, आणि चांगल्या वर्षातील काही रक्कम राखीव ठेवावी.

सवलतींचे कलमही हवेच. मार्च 2020 च्या अर्थसंकल्पात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट दिल्याने पुण्यात अधिभाराची वसुली दोन वर्षे पुढे गेली. ती 1 एप्रिल 2022 पासून सुरू झाली. यापुढे सरकारने अशी सूट दिल्यास बसच्या वाट्याची भरपाई राज्याच्या तिजोरीतून व्हावी, असे कायद्यातच लिहावे. शहरातील आमदारांनी ही दुरुस्ती नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेले) म्हणून तरी मांडावी.

– काही नियमित वाचक, कोथरूड, पुणे