हत्तीण, नग एक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राण्यांना कायद्याने 'व्यक्ती' मानावे, म्हणजे त्यांच्या वतीने न्यायालयात हक्क मागता यावा, या मागणीची आपल्या स्तंभलेखकांनी कालच्या अंकात टर उडवली आहे. लेख दोनदा वाचला, रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळी लिहायला बसलो.

'हक्क हवेत तर कर्तव्ये कुठे आहेत' आणि 'उद्या माकडे मतदान मागतील', या दोन वाक्यांवर सगळा लेख उभा आहे. मतदान कोणी मागितलेले नाही. हॅपी या हत्तिणीसाठी न्यूयॉर्कच्या न्यायालयात एवढेच मागितले होते की, तिला ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातून हलवून मोकळ्या आश्रयस्थानात ठेवावे. त्या राज्याच्या सर्वोच्च पायरीवरील न्यायालयाने १४ जून २०२२ रोजी ही मागणी पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. लेखकांनी पाच न्यायमूर्तींचे म्हणणे सविस्तर दिले आणि दोघांचे गाळले. न्या. रोवन विल्सन आणि न्या. जेनी रिव्हेरा यांनी स्वतंत्र विरोधी मते लिहिली आहेत. हॅपीसाठी केलेला बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज, म्हणजे कोंडून ठेवलेल्याची सुटका मागणारा अर्ज, पूर्वी गुलामांसाठीही चालला आणि तेव्हाचा कायदा त्यांनाही पूर्ण माणूस मानत नव्हता, हे विल्सन यांनी दाखवून दिले. वाचकांना तेही कळायला हवे होते.

कर्तव्याचा मुद्दाही लेखकांचा स्वतःचा नाही. टॉमी या चिंपांझीच्या प्रकरणात २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्याच अपील न्यायालयाने तो मांडला होता. मी दिवाणी न्यायालयात तीस वर्षे बेलीफ, म्हणजे समन्स बजावणारा आणि जप्ती करणारा कर्मचारी होतो. तीन महिन्यांच्या बाळाच्या नावाचे समन्स मी बजावले आहे, त्याच्या आईच्या हातात. ते बाळ दाव्यात रीतसर प्रतिवादी होते, 'अज्ञान (म्हणजे अल्पवयीन), पालनकर्ती आई'. त्याच्यावर कर्तव्य कोणते होते? कोणतेच नाही. तरी त्याच्या वाट्याच्या जमिनीला कोणी हात लावू शकत नव्हते.

पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच एका जप्तीबद्दल.

एका सर्कशीने कर्ज थकवले होते. वसुलीची दरखास्त दाखल झाली, जप्तीचे वॉरंट निघाले आणि आमचे वरिष्ठ नाझरसाहेब यांनी ते माझ्याकडे दिले. दोन पंच घेऊन मी तंबूत गेलो. जंगम मालमत्तेची यादी करायची, प्रत्येक वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी लावायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या, असे ते काम. जनरेटर, लाकडी बाके, झुले, तंबूचे कापड. सतराव्या क्रमांकावर मी लिहिले : हत्तीण, नग एक. किमतीच्या रकान्यात व्यवस्थापकाने सांगितलेला आकडा टाकला.

आता चिठ्ठी लावायची कुठे? पुठ्ठ्याच्या तुकड्यावर १७ लिहून मी तो सुतळीने तिच्या पुढच्या पायाला बांधायला दिला. माहुताने बांधला. मी पाठ वळवून अठरा नंबर लिहितो तोवर सुतळी खाली पडलेली. तुटली नव्हती, तिने गाठ सोडवली होती. पुन्हा बांधायला लावला, या वेळी दुहेरी गाठ मारून. तीही तिने सोंडेच्या टोकाने सावकाश उकलली. तिसऱ्या वेळी तिने पुठ्ठा खाली टाकला नाही. सोंड लांब करून तो माझ्यासमोर धरला आणि मी हातात घेईपर्यंत तशीच थांबली. माहूत म्हणाला, "साहेब, ती नाही ठेवायची." शेवटी चिठ्ठी साखळीच्या खुंटाला लावली आणि पंचनामा पुरा केला.

तिच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही. पण पुढे कधीतरी हॅपीच्या आरशाच्या चाचणीबद्दल वाचले, तेव्हा हातातला कागद बाजूला ठेवावा लागला. तिच्या डोक्याच्या एका बाजूला पांढरी फुली काढली होती आणि दुसऱ्या बाजूला न दिसणारी खूण केली होती. आरशात पाहून ती सोंडेने पांढरी फुलीच चाचपत होती. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. आपल्या अंगावर कोणी काही लावले आहे हे हत्तिणीला कळते, हे मला त्याच्या कितीतरी आधी त्या तंबूत कळले होते. मी तरीही तिसऱ्यांदा चिठ्ठी बांधायला लावली होती, याचे मला आजही वाईट वाटते.

त्या दरखास्तीत सर्कस ही कंपनी होती. म्हणजे कायद्याने व्यक्ती. तिला नाव होते, वकील होता, मुदत मागण्याचा हक्क होता आणि तिने तो दोनदा वापरला. जिला भूक लागत नाही, जिचा पाय साखळीने सोलवटत नाही, ती त्या कागदांत व्यक्ती होती आणि समोर उभी राहून चिठ्ठी परत करणारी हत्तीण नग होती. महिनाभराने दोन्ही पक्षांत तडजोड झाली, जप्ती उठली आणि हत्तीण त्याच साखळीसह पुढच्या मुक्कामाला गेली. तडजोडीवर तिच्या वतीने बोलायला कोणी नव्हते, कारण ती पक्षकारच नव्हती.

असा कोणी नेमणे कायद्याला अशक्य आहे काय? १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, एका कुटुंबाच्या देवमूर्तीचा वाद गेला होता. मूर्ती दुसऱ्या घरी हलवायची की नाही, हा प्रश्न होता. मूर्तीचेही म्हणणे विचारात घ्यावे आणि ते मांडायला त्रयस्थ माणूस नेमावा, असा निर्णय झाला. बोलू न शकणाऱ्याच्या वतीने बोलण्याची सोय कायद्यात शंभर वर्षांपासून आहे. तीच मी मागतो आहे, नवे काही नाही.

लेखकांना भीती वाटते की एकदा दार उघडले की गोठ्यातल्या गाईपर्यंत सगळे आत येतील. अर्जेंटिनात मेंदोसा येथील न्यायाधीश मारिया अलेहान्द्रा मौरिसिओ यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये सेसिलिया या चिंपांझीचा असाच अर्ज मंजूर केला. सोबतचे चिंपांझी मेल्यावर ती पिंजऱ्यात एकटी उरली होती. पुढच्या वर्षी तिला ब्राझीलमधील सोरोकाबाच्या आश्रयस्थानात नेले. गोठे जागच्या जागी राहिले.

उलट सगळ्या प्राणिसृष्टीला एका दमात व्यक्ती ठरवणेही मला पटत नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तशी घोषणा केली, हेतूही चांगला होता. पण ज्याची बजावणी करता येईल असा हुकूम हवा, हे बेलिफाला कोणी शिकवायला नको. अमुक हत्तीण, अमुक ठिकाण, साखळी काढा, इतक्या दिवसांत अहवाल द्या. बुद्धी हीच एक कसोटी असावी असेही माझे म्हणणे नाही. वेदना पुरेशी असायला हवी. पण ज्यांच्या बुद्धीचे पुरावे आपल्या हातात आहेत त्या हत्ती, वानर, डॉल्फिन यांच्यापासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

आणखी एक. त्याच अंकात पहिल्या पानावर, माणसांनी माणसावर केलेल्या अत्याचाराच्या बातमीला आपण 'पाशवी कृत्य' असे शीर्षक दिले आहे. हा शब्द आपल्याकडे नेहमी वापरला जातो. त्या बातमीतले एकही कृत्य मी कुठल्या पशूला करताना पाहिलेले नाही. मागेही याबद्दल लिहिले होते, तेव्हा पत्रातला नेमका हाच परिच्छेद छापताना वगळला गेला. या वेळी कृपया वगळू नये. जागा कमी पडली तर माझ्या नोकरीबद्दलचा मजकूर कापावा.

आपला,
एक निवृत्त बेलीफ