आमच्याकडून कसली साक्ष मागता?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात कमी दिवसांच्या एका बाळाची बातमी होती, फोटोसकट, वर मथळा 'प्रार्थनेने घडला चमत्कार'. बाळ वाचलं ह्याचा आनंदच आहे, पण तेव्हापासून आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक मला गाठून म्हणायलेत की तुमच्या नातवाचं पण छापून आणा की, आणि पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणतात एखाद्या रविवारी उभं राहून साक्ष तरी द्या, म्हणजे देवाने तुमच्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगा. मी एसटीत कंडक्टर होतो, चार लोकांपुढं बोलायला घाबरणारा माणूस नाही, पण ही साक्ष काही तोंडातून निघेना. का निघेना ते लिहून काढलंय, पत्र लांबलंय, सांभाळून घ्या.

सूनबाईला सातव्या महिन्यात बीपी एकदम वाढलं, तोंड-पाय सुजले, डोळ्यापुढं अंधारी, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता पोटात ठेवणं दोघांनाही धोक्याचं. आठवडे २९. सीझरच्या आधी तिला स्टिरॉईडची इंजेक्शनं दिली, ते ऐकून मी घाबरलो, स्टिरॉईड पैलवान लोक घेतात एवढंच मला माहीत. सिस्टरनी समजावलं की त्याने पोटातल्या बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. फुफ्फुसात बारीक बारीक फुगे असतात, त्यांना आतून एक पातळ थर लागतो, सरफॅक्टंट म्हणतात त्याला, तो पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे जातात, त्याच्या आत बाळ बाहेर आलं तर श्वास सोडल्यावर फुगे मिटून बसतात आणि परत उघडायला त्या जीवाला सगळी ताकद लावावी लागते. आमचं बाळ ११०० ग्रामचं, जन्मल्यावर त्याला तेच सरफॅक्टंट औषध म्हणून नळीने फुफ्फुसात सोडलं आणि नाकाला सी-पॅप, म्हणजे दाबाने हवा देणारं यंत्र, लावलं.

माझ्या मुलीने तिथं बसूनच मोबाईलवर वाचून दाखवलं की १९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला, वजन दोन किलोच्या वर, आणि ह्याच श्वासाच्या आजाराने दोन दिवसांत गेला. कॅथलिक कुटुंब, जन्मल्याजन्मल्या बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने धर्मात घेण्याचा विधी, दिलेला, सगळा देश प्रार्थना करत होता. आमचा नातू त्याच्या निम्म्या वजनाचा आणि आज घरात दूध पितोय. आता केनेडींचा विश्वास कमी पडला आणि आमचा भारी ठरला असं म्हणायचं का? तेव्हा हे औषध निघालंच नव्हतं.

एप्रिलचे दिवस. बाहेर ४२ डिग्री, सात रस्त्याला डांबर मऊ झालेलं, आणि आत आमच्या बाळाला थंडी वाजेल म्हणून वर हीटर, डोक्याला टोपी, पायात मोजे. त्याच्या अंगावर चरबीच नाही, स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. सोलापुरात एप्रिलात कोणाला तरी थंडी वाजते हे मला पटायलाच वेळ लागला.

मग ती रात्र. बाळ श्वास घ्यायचं विसरायला लागलं. कमी दिवसांच्या बाळांचं असं होतं, मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असतं, आणि त्याच्यावर औषध काय तर कॅफिन, आपल्या चहा-कॉफीतलं तेच. औषध चालू होतं तरी मॉनिटर सारखा वाजायचा, निळं पडायचं, सिस्टर पायाला टिचकी मारायच्या, परत गुलाबी व्हायचं. आमच्या विहीणबाई वसईच्या, कॅथलिक, त्या फोनवर रडत म्हणाल्या, जावईबापू, फादरची वाट बघू नका, तुम्हीच पाणी घाला. त्यांच्या धर्मसभेत तसा नियमच आहे की जीवाला धोका असेल तर कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा, हेतू खरा ठेवून पाण्याने आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकतो. आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, १९७० साली वेगवेगळ्या मिशनच्या मंडळ्या एकत्र आल्या तेव्हा आमच्यात लहानपणीचा बाप्तिस्मा पण ठेवला आणि मोठेपणीचा पण, आणि माझा मुलगा लग्नापासून म्हणत आलेला की माझं पोरगं मोठं होऊन स्वतः ठरवेल. ह्या विषयावर त्याची आणि विहीणबाईंची चांगली दोनदा वाजलेली. त्या रात्री तो काही बोलला नाही, हात धुतले, गाऊन घातला, आत गेला. सिस्टरनी सिरिंजमध्ये स्टराईल वॉटर दिलं, ते पण हातात धरून कोमट केलेलं, एकच थेंब घाला म्हणाल्या, अंग गार पडायला नको. त्याने तीन नावं घेतली आणि सिस्टर मागून 'आमीन' म्हणाल्या. त्या मुसलमान.

दहा मिनिटांनी मॉनिटर परत वाजला. म्हणजे पाणी पडलं आणि बाळ सुधारलं असं काहीही झालेलं नाही, पुढे कितीतरी दिवस ते तसंच चाललं होतं. हे मुद्दाम लिहितोय कारण आमच्या नात्यातला एकजण आत्ताच तसं सांगत फिरायलाय.

आणि आता खरी अडचण सांगतो. आमच्या शेजारच्या वॉर्मरवर, म्हणजे वर हीटर असलेल्या पाळण्यात, एक बाळ होतं, पूर्व भागातल्या तेलुगू घरातलं, वडील यंत्रमागावर. त्याच्या आईने सिद्धेश्वराला साकडं घातलेलं, उशाशी विभूतीची पुडी, सिस्टर म्हणायच्या बाळाला लावू नका तर ती स्वतःच्या कपाळाला लावायची. दोघी बाया एकाच बाकावर बसून दूध काढायच्या, सुनेला येत नव्हतं तेव्हा तिनेच कसं काढायचं ते दाखवलं. एक दिवस ती सुनेला म्हणाली, तुमच्या येशूला माझ्या बाळाचं पण सांगा. आम्ही सांगितलं. रोज संध्याकाळी जिन्यात उभं राहून करायचो त्या प्रार्थनेत आमच्या बाळाच्या आधी तिच्या बाळाचं नाव, नाव म्हणजे काय, तिथं बारसं कुठलं, आईचं नाव आणि पुढे 'यांचं बाळ'. एकच देव, एकच प्रार्थना, एकच जिना. तिचं बाळ इन्फेक्शनने गेलं. आमचं घरी आलं.

आता मी रविवारी उभा राहून 'प्रभूने आमची प्रार्थना ऐकली' म्हणू, आणि तिची? ती पण आमचीच प्रार्थना होती ना?

दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांबद्दल पण लिहायचंय. काही लोक बाहेरच्या कुठल्या कुठल्या प्रार्थना ग्रुपचे, तेलाची बाटली घेऊन, बाळाला लावू द्या म्हणून सिक्युरिटीशी भांडलेले. एकाने सुनेला, सीझरचे टाके ओले असताना, विचारलं की ताई, मनात काही कबूल न केलेलं पाप आहे का, विश्वास पूर्ण असेल तर बाळ आजच बाहेर येईल. ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. ह्या माणसाने बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा ९ वा अध्याय वाचला नसेल का? जन्मापासून आंधळा असलेला माणूस बघून शिष्य हेच विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं का ह्याच्या आईबापाचं, आणि येशू सांगतो दोघांचंही नाही. बायबलातल्याच दावीद राजाने आपल्या आजारी बाळासाठी उपास केला, जमिनीवर पडून राहिला, सातव्या दिवशी बाळ गेलंच, मग तो उठला, आंघोळ केली आणि जेवला. तेही शास्त्रातच आहे, पण साक्षीच्या रविवारी ते कोणी वाचत नाही. (बापाच्या पापापायी बाळ गेलं असं तिथं लिहिलंय, त्याच्याशी माझं भांडण आहे, ते वेगळं.)

फोटोचं तर विचारूच नका. 'प्रार्थनेसाठी फोटो पाठवा', नळ्या लावलेल्या उघड्या पोराचा. मुलाने ठाम नाही म्हणून सांगितलं त्याचा काहींना राग आलाय, अजून बोलत नाहीत.

म्हणून मी प्रार्थना सोडली का, तर नाही. त्या जिन्यात उभं राहिल्यावर मला रात्र काढता यायची, एवढं मी शपथेवर सांगतो. तरुण संघाची पोरं रक्त द्यायला आली, कोणाच्या बाळाला लागणार ते विचारलं नाही. महिला मंडळाच्या बाया डबा आणायच्या, कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि शेजारच्या बाळाच्या घरच्यांसाठी पण आणायच्या, काही न बोलता बसायच्या, भांडी घेऊन जायच्या. ह्यांच्यातलं कोणी पाप विचारलं नाही. साक्ष द्यायचीच तर ह्यांची देईन, त्यांना आवडणार नाही ती गोष्ट निराळी.

आणि दुसरी साक्ष देईन ती बाळाला उघड्या छातीवर घेण्याच्या पद्धतीची, कांगारू म्हणतात तिची. १९७० च्या दशकाच्या शेवटी दक्षिण अमेरिकेत कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं, आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पेट्या असल्या तरी हेच करा, जन्मल्यापासून जितकं लवकर तितकं चांगलं. आई दमली की बाप पण घेऊ शकतो. माझा मुलगा शर्टाची बटणं काढून खुर्चीत तासन् तास बसायचा, बाळाचा श्वास त्याच्या छातीवर जास्त नीट चालायचा हे मॉनिटरवर आम्ही सगळ्यांनी बघितलं. आमच्याच घरातले जुने लोक म्हणत होते, बाप्या माणसाचं हे काम आहे का! तुमच्या बातमीत ह्यातलं काहीच नव्हतं, ना इंजेक्शन, ना कॅफिन, ना आईचं थेंब थेंब काढलेलं दूध, ना रात्रपाळीच्या सिस्टर. नुसता चमत्कार. वाचणाऱ्या गरोदर बाईने त्यातून काय घ्यायचं? बीपी तपासायला जायचं का नाही?

पैसे नाहीत म्हणून बाळाला घरी नेणारे पण मी तिथं बघितले. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा इलाज जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट होतो, २०११ पासून आहे हे, तरी लोकांना माहीत नाही. हे छापा की.

पत्र मोठं झालंय, तुम्ही कापणार हे मला माहीत आहे. सगळं कापलं तरी चालेल, पण एवढं ठेवा: ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या खाली जन्मलेल्या बाळाचे डोळे जन्मल्यापासून महिन्याच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा, बाळ फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच, डिस्चार्ज झाला म्हणून विसरू नका. अशा बाळांच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, वेळेत कळलं तर लेझरने नजर वाचते, उशीर झाला तर काही करता येत नाही. वरून डोळे चांगलेच दिसतात. आमच्या नातवाची पुढची तपासणी मंगळवारी आहे.

आपला,
एक आजोबा, सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती, सुनेने बजावलंय.)